मास्तरांना कुणी शिव्या देईना

अंगात गोणपाट, डोक्याला राख, पाय अनवाणी अशा थाटात झकारिया म्हिझा मास्तर पहिल्या अंगणात शिरले, तेव्हा घरच्या बाईने त्यांना बसायला खुर्ची दिली. देण्याआधी ती कमरेच्या फडक्याने पुसली.

सुरुवातच वाईट झाली. ज्याने आईवर हात उचलला आणि ती मरेपर्यंत तिची क्षमा मागितली नाही, त्याच्यासाठी न्यामोंदोच्या पंचक्रोशीत एकच उपाय आहे. त्याला बोत्सो म्हणतात. गोणपाट घालायचं, दारोदार जायचं, काय केलं ते प्रत्येक दारात स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि नाचणी मागायची. लोक शिव्या देतात, राख उडवतात, पोरं खडे मारतात, आणि मग कुठे ओंजळभर नाचणी झोळीत पडते. त्या नाचणीची दारू करून आईच्या नावाने जमिनीवर ओतायची, उरलेली गावाने प्यायची. मग मेलेली आई मागे लागायची थांबते. नाचणी विकत आणलेली चालत नाही, आणि शिवीवाचून मिळालेली तर मुळीच चालत नाही. माणसाला लाज वाटली पाहिजे, असा या सगळ्याचा मथितार्थ आहे. खुर्चीवर बसून लाज वाटणं कठीण असतं.

मास्तर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं: "आईच्या बाबतीत माझ्या हातून एक अनुचित प्रकार घडला, त्याचं परिमार्जन करायला मी आलो आहे." बाईने गुडघे टेकून, टाळ्या वाजवून ते ऐकलं, "होय सर" म्हणाली आणि सूपभर नाचणी आणून दिली. पाखडलेली, निवडलेली, एक खडा नाही.

दहा पावलांमागे उभ्या असलेल्या मुचेमवाने कपाळाला हात लावला.

मुचेमवा म्हणजे म्हिझा घराण्याचा साहविरा. प्रत्येक घराण्याला असा एक मित्र असतो. त्याच्याकडे त्या घराची टिंगल करण्याचा वंशपरंपरागत परवाना असतो. मयताच्या पेटीपुढे तो मेलेल्याची नक्कल करतो आणि रडणाऱ्यांना हसवतो. गोचीड मरावेत म्हणून गुरं बुडवतात त्या औषधी हौदावर नोकरी करून निवृत्त झालेला हा गृहस्थ मास्तरांना चाळीस वर्षं शिव्या देत आला होता. पण त्याच्या शिव्या धरत नाहीत, कारण तो त्या मनापासून देत नाही. त्याचं काम बरोबर जायचं आणि विधी नीट होतोय ना ते पाहायचं. तो होत नव्हता.

"पुढच्या घरी जरा वाईट तोंड करा," तो म्हणाला. "तुम्ही तपासणीला आल्यासारखे दिसताय."

पुढच्या घरी एका म्हाताऱ्याने लांबूनच "अरे ए माकडा" अशी हाक मारली आणि मास्तर आशेने पुढे सरसावले. पण मास्तर माकडाच्या कुळातले. या भागात कुळाच्या नावाने हाक मारणं यापरता दुसरा मान नाही. म्हाताऱ्याने मग अख्खी कुळस्तुती म्हटली: झाडांच्या शेंड्यांवर राज्य करणारा, ऐटीत चालणारा, दुसऱ्याच्या मक्याचा न्याय करणारा. दोन सुपं नाचणी दिली.

मास्तरांनी मनाशी दिवस मोजले. आज तीन ऑक्टोबर. नोव्हेंबर हा आमचा बकरीचा महिना, त्यात कुठलाही विधी चालत नाही, पूर्वजसुद्धा सुट्टीवर असतात. दारू सात दिवस घेते. त्याआधी नाचणी भिजवणं, मोड आणणं, वाळवणं, दळणं यात आठ-नऊ. म्हणजे चौदा तारखेच्या आत झोळी भरली पाहिजे, तीही शिव्यांसकट. नाहीतर पुढचा हंगाम. मास्तर एकाहत्तर वर्षांचे होते आणि डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाबद्दल बोलताना "पुढचा हंगाम" हे शब्द टाळले होते.

त्यांनी केलेली गोष्ट अशी.

एकोणीसशे शहाऐंशीच्या जून महिन्यात मास्तर पाचवीच्या वर्गावर होते. आई, चेंगेताई, मुलाची पाच रविवार वाट बघून नदीपलीकडून चौदा किलोमीटर चालत शाळेत आली, विचारल्याशिवाय वर्गात शिरली, तपासलेल्या वह्यांवर तिने भुईमुगाची टोपली ठेवली आणि म्हणाली, "अरे झेका, तुझी आई जिवंत आहे, हे तुला कुणी कळवलं नाही वाटतं?" वर्ग हसला. म्हिझा मास्तरांच्या वर्गात त्याआधी कुणी हसलं नव्हतं. मास्तर म्हणाले, या वर्गात परवानगीशिवाय बोलणारा हात पुढे करतो. आईने हसतहसत हात पुढे केला. मास्तरांनी तीन छड्या मारल्या.

आई टोपली तिथेच ठेवून गेली. पुढच्या वेळी भेटली तेव्हा म्हणाली, "बरे आहात ना, मास्तर?" मरेपर्यंत, म्हणजे पुढची बारा वर्षं, ती त्यांना अहो-जाहो करत राहिली. कधी रागावली नाही, कधी विषय काढला नाही. ते आले की उठून उभी राहायची.

ती गेल्यावर मास्तरांनी शिकलेला माणूस करील ते सगळं करून पाहिलं. कबरीवर काळ्या ग्रॅनाइटचा दगड बसवला. शाळेत तिच्या नावाने सद्वर्तनाची ढाल ठेवली. पाद्रीबाबांकडे कबुली दिली. ते म्हणाले, देवाने तुम्हाला केव्हाच क्षमा केली आहे. हे ऐकून मास्तरांना वाटलं, देवाचा संबंध काय, मार खाल्लेला हात देवाचा नव्हता. शेवटी, ज्या प्रथेवर त्यांनी स्वतः शाळेत "अंधश्रद्धा: एक विचार" असं भाषण दिलं होतं, तीच विचारायला ते मुचेमवाकडे गेले. बायको हरारेला मुलीकडे राहत होती. तिने फोनवर एवढंच विचारलं, की गोणपाट घातलेला फोटो कुणी काढणार नाही ना.

सहा दिवस असेच गेले. गावाला सगळं ठाऊक होतं. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं ती पाचवीची पोरं आता चाळिशीला आलेली, घरोघरी कर्ती होती. पण मास्तर अंगणात दिसले की त्यांच्या हातातली विडी खाली पडे, टोप्या उतरत, आणि "सर" म्हणण्यासाठी पाठीचे कणे आपोआप ताठ होत. एका घरी त्यांना मक्याच्या पिठाचा साद्झा आणि कोंबडी जेवायला घातली. आपण या गावाला शिस्त फार चांगली लावली, असं मास्तरांना वाटे, आणि लगेच घाम फुटे.

एकानेच प्रयत्न केला. चौफुलीवर डेफिनिट नावाच्या माणसाचं किराणा दुकान आहे. मुचेमवाने आधी जाऊन त्याला पढवून ठेवलं होतं. डेफिनिट गल्ल्यामागून बाहेर आला, छाती भरून घेतली आणि म्हणाला, "सर, आपण... आपण फार वाईट आहात."

"'फार वाईट' मोघम झालं," मास्तर म्हणाले. "नेमकं विशेषण वापर."

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर डेफिनिट "सॉरी सर" म्हणून आत पळाला होता आणि बायकोच्या हाती नाचणी पाठवत होता.

वाटेत मुचेमवाने उरलेली दारं बोटांवर मोजली. मग म्हणाला, "एक मावशी राहिली आहे."

मार्वेई ही चेंगेताईची धाकटी बहीण. आमच्यात आईची बहीण ही आईच. ती नदीपलीकडे एकटी राहत होती, वय त्र्याऐंशी, आणि अठ्ठावीस वर्षं मास्तरांशी बोलली नव्हती. मास्तरांनी तिचं दार मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. नऊ तारखेला नदी ओलांडताना पाणी घोट्याएवढंच होतं, तरी त्यांना दोनदा थांबावं लागलं. तिने दारातून परत पाठवलं तर बोत्सो तिथेच संपला. आईने नाकारलं तर गावाने दिलेल्याला अर्थ नाही.

मावशी अंगणात चटईवर पाय पसरून शेंगा फोडत होती. तिने वर पाहिलं नाही. मास्तरांनी गुडघे टेकून वाक्य म्हटलं. सहा दिवसांच्या सरावाने ते आता अगदी सफाईदार झालं होतं.

"कुणाच्या हातून घडलं?" मावशीने विचारलं.

"माझ्या."

"आणि तू कुठे होतास तेव्हा? बाहेर गेला होतास?"

मास्तरांनी मागे मुचेमवाकडे पाहिलं.

"वीज पडते, ते घडतं," मावशी म्हणाली. "गाईला वासरू होतं, ते घडतं. तू काय केलंस ते सांग. नाहीतर ऊठ, माझ्या शेंगांवर सावली पडते आहे."

मास्तरांनी तोंड उघडलं. तेहतीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या माणसाला कर्ता, कर्म, क्रियापद एवढं वाक्य जुळेना. मुचेमवाने नजर दुसरीकडे वळवली.

"मी मारलं," मास्तर म्हणाले.

"कुणाला?"

"आईला."

"कशानं?"

"छडीनं."

"किती?"

"तीन."

"तीन का?"

"नियम होता, तीनचा."

मावशीने हातातली शेंग खाली ठेवली. "तिनं हात का पुढे केला, ठाऊक आहे?"

"तिला गंमत वाटली," मास्तर म्हणाले. हे उत्तर त्यांच्याकडे अठ्ठावीस वर्षं तयार होतं.

"गाढवा. पोरं तुला हसली होती. तिनं तुझं तोंड बघितलं. त्याच रात्री मला म्हणाली, मी तशीच निघून आले असते तर दुसऱ्या दिवशी पोरांनी त्याला वर्गात उभं राहू दिलं नसतं. म्हणून केला पुढे. आणि हसली, ते त्या पोरांनी घाबरू नये म्हणून. तिला वाटलं होतं एक मारशील, तीही खोटी."

मग मास्तरांनी विचारलं, मग अहो-जाहो का करायची? बारा वर्षं?

"तुला मास्तर व्हायचं होतं ना? तिनं केलं तुला मास्तर. दुसरं काय मागितलं होतंस तिच्याकडे?"

त्यानंतर मावशीने शिव्या दिल्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, आणि लिहिल्या तरी त्यांचा दम कागदावर येणार नाही. त्यात मास्तरांचा जन्म, त्यांची बुद्धी, त्यांचं ग्रॅनाइट आणि सद्वर्तनाची ढाल यांचा स्वतंत्र समाचार होता. मुचेमवा, ज्याचा हा धंदा, टोपी काढून ऐकत उभा राहिला. संपल्यावर मावशीने झोळीत हात घातला, नाचणी बोटांतून गाळली आणि म्हणाली, "पाखडलेली. निवडलेली. ही भीक नाही, ही गुरुदक्षिणा आहे. हिची दारू ती तोंडाला लावणार नाही. टाक ती माझ्या कोंबड्यांना. परत फीर सगळी दारं. फिरून झालं की माझ्याकडे ये, माझी मूठ शेवटची."

मास्तर म्हणाले, पाच दिवस उरलेत.

"मग इथे बसून काय करतोस?"

नाचणी तिने कोंबड्यांना घातली नाही, कणगीत ओतली. धान्य वाया घालवणारी बाई नव्हती ती.

रिकामी झोळी घेऊन मास्तर पुन्हा चौफुलीवर आले. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. पायऱ्यांशी गुडघे टेकून ते म्हणाले, "डेफिनिट, मी माझ्या आईला छडीनं मारलं. मी. तू होतास तिथे."

डेफिनिट गल्ल्यामागून बाहेर आला. "सर, जरा या बाजूला येऊन सांगा," तो म्हणाला. मास्तरांना वाटलं, सावलीसाठी बोलावतोय. "तो कान बंद आहे. चौथीत असताना तुम्ही कानाखाली दिलेली. सात सक्कं किती."

मास्तरांनी आठवायचा प्रयत्न केला. सगळ्या जन्मात आपण एकच पाप केलं, असा त्यांचा हिशेब होता. ते त्यांनी इतकी वर्षं एकट्याने, काळजीने, जवळजवळ अभिमानाने सांभाळलं होतं. चौथीतलं काहीच आठवेना. पाढा आठवत होता, पोरगा नाही.

"बायको त्या बाजूला झोपते," डेफिनिट म्हणाला. "तेवढं एक बरं झालं." गिऱ्हाइकं हसली. तो हसला नाही. "पण तुम्ही... तू... तू नीच माणूस होतास. मी पाण्याला जाताना लांबची वाट घ्यायचो, तुझं घर लागू नये म्हणून."

विशेषण नेमकं होतं. मास्तरांनी मान खाली घातली. मी मारलं, ते म्हणाले, तुलाही मीच मारलं. डेफिनिटने आतून ओंजळभर नाचणी आणली. तिच्यात खडे होते, फोलपट होतं. झोळीत टाकताना थोडी बाहेर सांडली.

बातमी त्यांच्यापुढे धावत गेली. पुढच्या अंगणात खुर्ची नव्हती, माणसं होती. सगळ्यांत पुढे, बाह्या सरसावून उभी असलेली एक धिप्पाड बाई म्हणाली, "नाव आठवतं का माझं?" मास्तरांनी हजेरीपट मनात चाळला; आठवलं नाही. "वर्षभर ठोंब्या म्हणायचास, कसं आठवेल," ती म्हणाली आणि चुलीतली राख तोंडावर फेकली. तिच्या मागे एकजण वाकडी झालेली बोटं दाखवायला उभा होता, त्याच्या मागे एकजण ज्याने शाळाच सोडली होती. प्रत्येकाशी मास्तर तेच तीन शब्दांचं वाक्य बोलत. आता दिवसाअखेरी त्यांचे गुडघे सोलवटलेले असत, छातीत डाव्या बाजूला काहीतरी फडफडे, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंगणांत कोण कोण असेल याची भीती सकाळी घराबाहेर पडेपर्यंत वाढत जाई. सहा दिवस ते शिव्या मिळत नाहीत म्हणून घाबरले होते. आता मिळत होत्या.

काही घरांनी अजूनही मान दिला. तिथली नाचणी त्यांनी घेतली नाही. एक-दोघांनी दार उघडलं नाही, तेही त्यांनी ऐकून घेतलं. मुचेमवाने तिसऱ्या दिवसापासून विनोद करणं बंद केलं, आणि हे कुणालाच शुभ वाटलं नाही.

तेरा तारखेच्या संध्याकाळी झोळी जेमतेम भरली. मावशीने आपली मूठ वर टाकली, नाचणी भिजत घातली, पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवली. आईने नाकारलं तर मोड येत नाहीत, असं म्हणतात. मोड येतात ते ओल आणि ऊब यांमुळे, हे मास्तरांनी प्रयोगासकट शिकवलं होतं. फळ्यावर आकृतीही काढली होती. तरी ते दिवसातून पाच वेळा नदी ओलांडून येत आणि पोत्याचं तोंड उचकटून बघत. दुसऱ्या दिवशी काही नव्हतं. तिसऱ्या दिवशीही काही नव्हतं. मावशी म्हणाली, सारखी उघडशील तर ऊब राहील कशी, मूर्खा, आणि त्यांना गुरं राखायला हाकललं. चौथ्या दिवशी दुपारी तिने हाक मारली. पोत्यातून पांढरे, सुईच्या टोकाएवढे कोंब बाहेर आले होते. मास्तर ते बघत उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. पाय आखडले, असं ते म्हणाले.

तीस ऑक्टोबरला दारू झाली. म्हाताऱ्या बायकांनी ती गाळली. कबरीपाशी लोक जमले. ग्रॅनाइट उन्हाने इतका तापला होता की त्यावर कुणी बसू शकेना. मावशीने मडकं तिरपं केलं आणि जमिनीशी बोलली: चेंगेताई, हा आला आहे. उशिरा आला आहे, पण चालत आला आहे. पटत असेल तर घे. दारू मातीत मुरली. माती ती नेहमीच मुरवते, यावरून काही ठरवता येत नाही.

मग सगळे मास्तरांकडे बघू लागले. त्यांनी चार वाक्यं तयार करून ठेवली होती, प्रत्येकात कर्ता घातलेला. ते पुढे झाले, वाकले, आणि अगदी हळू काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाला तो?" मागून डेफिनिटने मोठ्याने विचारलं.

मुचेमवा त्याच्या चालत्या कानाशी वाकला. "काही नाही. आईला हाक मारली."

"बस, एवढंच?"

"एवढंच. पी आता, आणि मडकं पुढे सरकव."